उत्तर तळहातावर होतं

"बाई, नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. वडील लूमवर आहेत, आई बिड्या वळते. घरी तेलुगू, दहावीपर्यंत शाळा मराठी, बारावी सायन्स इंग्रजीत कशीबशी काढली. आता अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि सायकॉलॉजी एकदम अंगावर आलेत. गेल्या महिन्यात तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, सिंपथेटिक नर्व्हस सिस्टिम म्हणजे काय? आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत चहा पीत तेच पान दहा वेळा वाचलं होतं. पण हाताला घाम सुटला, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडायला लागली आणि एक शब्द फुटला नाही. बाहेर जिन्यात आल्यावर सगळं आठवलं. आत्या म्हणते, आपल्या रक्तातच शिक्षण नाही, आणि नर्सच व्हायचंय तर सायकॉलॉजी कशाला लागते. बाई, माझा मेंदू कच्चा आहे का? आणि शरीराचा धडा नि मनाचा धडा यांचा एकमेकांशी संबंध काय?
– पाठांतराला कंटाळलेली"

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा वाईट वाटलं. हसू अशासाठी, की तुला विचारलं काय, तर सिंपथेटिक नर्व्हस सिस्टिम म्हणजे काय. आणि नेमकी त्याच क्षणी ती सिस्टिम तुझ्या अंगात जोरात कामाला लागलेली. तळहात ओले, तोंड कोरडं, छातीत धडधड. उत्तर तळहातावर होतं आणि तू ते पुस्तकाच्या पानावर शोधत होतीस. हात पुढे करून "मॅडम, हे बघा" म्हणाली असतीस, तर मी निम्मे गुण दिले असते. (पण मी निवृत्त आहे. माझ्या गुणांना आता घरातही कोणी विचारत नाही.)

तर आधी तेच उत्तर नीट लावून घेऊ: धोका दिसला की शरीराला पळायला तयार करणारी ही व्यवस्था.

समज, रात्रपाळीला असलेल्या वडिलांना डबा देऊन तू परत येते आहेस आणि बोळातून एक कुत्रं भुंकत अंगावर आलं. आता काय करावं, असा विचार तुझ्या मनात यायच्या आधी शरीरानं ठरवलेलं असतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तिथून निघालेला हुकूम मज्जारज्जूत उतरतो आणि छाती-कमरेच्या पातळीवरून निघणाऱ्या चेता, म्हणजे नर्व्हज, तो अवयवांपर्यंत पोचवतात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा आतला भाग रक्तात अॅड्रेनालिन सोडतो. मग हृदय वेगानं चालतं, कारण पायांच्या स्नायूंना रक्त हवं. श्वासनलिका रुंदावतात, कारण हवा जास्त हवी. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, कारण कुत्रं नीट दिसायला हवं. यकृत साठवलेली साखर बाहेर काढतं. आणि जीव घेऊन पळताना दुपारची भाकरी पचवायची घाई कोणाला असते? म्हणून पोटाचं काम मंदावतं, लाळ आटते, जीभ टाळूला चिकटते.

यातलं एकही वाक्य पाठ करू नकोस. कुत्रं डोळ्यांसमोर आण आणि "पळायला काय काय लागेल?" एवढंच स्वतःला विचार. यादी आपोआप उभी राहते. फसवी जागा एकच आहे. या व्यवस्थेतल्या बहुतेक चेता शेवटी अवयवापाशी नॉरअॅड्रेनालिन नावाचं रसायन सोडतात, पण घामाच्या ग्रंथींपाशी मात्र अॅसिटिलकोलिन सोडतात. तुझ्या ओल्या तळहातावर हा अपवाद सुद्धा होता. परीक्षकाला खूश करायला एवढं पुष्कळ.

मराठीत हिला अनुकंपी चेतासंस्था म्हणतात. नावात दया-माया शोधायला जाऊ नकोस. अवयव एकमेकांच्या सुखदुःखात वाटेकरी होतात, असं फार जुन्या वैद्यांना वाटायचं. तिथून 'सिंपथी' हा शब्द चिकटला तो चिकटलाच. हिच्या जोडीची परानुकंपी. ती पंगत उरकून ओसरीवर आडवं झालेल्या माणसाची: हृदय सावकाश, पचन जोरात, लाळ भरपूर. तिचं बरंचसं काम व्हेगस नावाची दहावी मस्तिष्क चेता पाहते.

आता मुद्दा असा, की कुत्रं आणि परीक्षक यांच्यात तुझा हायपोथॅलॅमस फारसा फरक करत नाही. धोका म्हटलं की धोका. आणि पळण्याची तयारी करणाऱ्या शरीराला व्याख्या सांगण्यात काही रस नसतो. कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, जिथे आपण शब्द जुळवतो, क्रम लावतो, त्याची पकड अशा वेळी ढिली पडते. शिवाय त्याच अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून काही मिनिटांनी कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक येतं आणि साठवलेलं बाहेर काढण्याच्या कामात तेही अडथळा आणतं. माहिती पुसली जात नाही. तिच्याकडे जाणारी वाट तेवढ्यापुरती अडते. म्हणून तर तुला जिन्यात सगळं आठवलं. कच्च्या मेंदूला जिन्यातही आठवत नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच झालं.

भीती पूर्णपणे घालवायच्या मागे मात्र लागू नकोस. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले होते. सोपं काम शिकताना जास्त धाक चालून गेला, पण अवघड काम मध्यम धाकात लवकर जमलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी अजिबात धाकधूक न होणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यांचे निकालही पाहिले आहेत.

मग धडधड आवरायची कशी? एक प्रयोग सांगते, आत्ताच करून बघ. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी पकड. श्वास सावकाश आत घे, मग त्याहून सावकाश बाहेर सोड. श्वास घेताना ठोके किंचित लवकर पडतात, सोडताना किंचित रेंगाळतात. तुझ्या वयात हे बोटाला चांगलं कळतं. श्वास सोडताना व्हेगस हृदयाला लगाम लावते, घेताना तो सैल सोडते. हृदय थेट आपल्या हुकमात नाही, पण श्वास आहे. आणि श्वासाच्या दारातून हृदयापर्यंत जाता येतं. पुढच्या तोंडीला दाराबाहेर बाकावर बसशील तेव्हा मैत्रिणींची "हे आलं का, ते आलं का" ऐकत बसू नकोस. चार मोजून श्वास घे, आठ मोजून सोड, असं दोन-तीन मिनिटं कर. आपण जे करतोय ते परानुकंपी चेतासंस्थेचं प्रात्यक्षिक आहे हेही लक्षात ठेव, तोही प्रश्न येऊ शकतो.

आता तुझी ती दहा वाचनं. इथे मला थोडं रागवायचं आहे.

एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं की ते ओळखीचं वाटायला लागतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय, असा आपण समज करून घेतो. भैय्या चौकातून रोज जाणाऱ्याला तिथल्या दुकानांच्या पाट्या क्रमानं सांगायला लाव, जमणार नाही. डोळ्यांखालून हजार वेळा गेलंय, पण आतून बाहेर काढायची वेळ कधी आलेली नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. एका गटानं उतारा परत परत वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझी तोंडी परीक्षा वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी होत नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे.

विसरण्याचंही मोजमाप झालेलं आहे. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थानं निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि किती वेळानं किती उरतं याचा हिशेब ठेवला. १८८५ साली तो प्रसिद्ध केला. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त गेलं. एका दिवसानं साधारण एक तृतीयांश उरलं. गंमत पुढे आहे: त्यानंतर घसरण मंदावते, महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक होता. म्हणजे राखायला हवी ती पहिल्या दिवसाची हद्द. आज वाचलंस ते आजच एकदा पुस्तक मिटून कागदावर काढ. उद्या परत, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. कागद जुन्या कॅलेंडरचा चालेल. मराठी, तेलुगू, इंग्रजी जे सुचेल त्यात लिही, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनानं भर. लाल शाई जास्त दिसली तर खचू नकोस, तेवढंच शिकायचं उरलं असं समज.

इंग्रजी शब्दांबद्दल. तुला त्यांची भीती वाटते, पण अर्ध्याहून अधिक शब्द खरं तर इंग्रजी नाहीतच. ग्रीक-लॅटिनचे आहेत आणि त्या कॉन्व्हेंटच्या मुलींनाही ते तितकेच परके आहेत. फोडून घे. टॅकी म्हणजे वेगवान, ब्रॅडी म्हणजे मंद, कार्डिया हृदयाशी संबंधित: टॅकीकार्डिया आणि ब्रॅडीकार्डिया दोन्ही आले. हायपर जास्त, हायपो कमी. शेवटी आयटिस दिसलं की कुठेतरी दाह आहे. हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा, कारण मेंदूतला तो भाग तसाच वळलेला दिसतो. तीस-चाळीस तुकडे हाती आले की शेकडो शब्द आपसूक सुटतात. मानसशास्त्रात याला गठ्ठे बांधणं म्हणतात. आपली तात्पुरती स्मृती एका वेळी मोजक्याच गोष्टी धरते. जॉर्ज मिलर यांनी १९५६च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात तो आकडा साताच्या आसपास धरला होता, आताचे अभ्यासक चारच्या जवळ आणतात. सुटी सूतं मुठीत मावत नाहीत, लडी मावते.

आणि रात्री तीन. रात्री तीनला तू अभ्यास करत नव्हतीस, दिवसभर केलेला अभ्यास सांडत होतीस. दिवसा शिकलेलं आधी हिप्पोकॅम्पसच्या हवाली होतं. गाढ झोपेत त्याची उजळणी चालते आणि ते मेंदूच्या बाहेरच्या थरात कायमचं मुरायला लागतं. मुरू घातलेल्या लोणच्याची बरणी दर तासाला उघडून ढवळली तर काय होईल? तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. चहाचं म्हणशील, तर जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्यानंच झोप येते. चहातलं कॅफिन अॅडिनोसिनच्या जागी जाऊन बसतं, त्यामुळे झोप कळत नाही. पण ती फिटतही नाही, उधारी तशीच राहते. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं सुमारे पाच तासांनीही रक्तात असतं. नळाला पाणी यायची रात्र असेल तेव्हा झोप मोडणारच, सोलापूरकराला ते सांगायला नको. त्या रात्री अभ्यासाचा हट्ट सोड आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वीस-पंचवीस मिनिटं पड.

जेवणाबरोबरचा चहा मात्र बंद. त्यानं अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तुझ्या वयाच्या मुलींत हिमोग्लोबिन कमी निघणं फार सर्रास आहे, आणि ते १२च्या खाली असेल तर पानावर लक्ष टिकत नाही, याला मेंदूचा कच्चेपणा कारण नसतो. सिव्हिलमध्ये एकदा तपासून घे. भाकरी-भाजीवर लिंबू पीळ, लोह शोषायला मदत होते.

शरीराच्या धड्याचा आणि मनाच्या धड्याचा संबंध विचारलास. तो तुझ्या घरातच खटखटतोय.

पूर्व भागात पहिल्यांदा मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला रात्रभर झोप लागत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारी लूमची शेड होती. पहिला आठवडा मी डोळे टक्क उघडे ठेवून काढला. महिन्याभरानं आवाज ऐकूच येईना. आणि एका रात्री मी दचकून उठले, कारण वीज गेली होती आणि लूम थांबले होते. आवाजानं नव्हे, आवाज थांबल्यानं जाग आली! यालाच सरावणं म्हणतात, पुस्तकात हॅबिच्युएशन. तोच तोच, निरुपद्रवी संदेश येत राहिला की मेंदू त्याला दाद देणं कमी करतो. पण तो ऐकणं थांबवत नाही. पाठीमागे कोणीतरी पहारा देत असतं, आणि बदल झाला की ते हलवून उठवतं. मानसशास्त्राच्या पुस्तकात ही दीड ओळीची व्याख्या असेल. तू तर त्यात वाढली आहेस.

पण इथे थांबलीस तर अर्धंच शिकलीस. मन सरावतं, कान सरावत नाही. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी आहे, कॉक्लिया. तिच्यात केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पंधरा-सोळा हजार पेशी असतात. ध्वनीच्या लाटेनं हे तंतू वाकतात, पेशीत विद्युत संदेश उमटतो, चेता तो मेंदूकडे नेते. आवाज ८५ डेसिबलच्या वर आणि तोही वर्षानुवर्षं रोज आठ तास असेल, तर या पेशी झिजतात आणि मरतात. माणसात त्या परत उगवत नाहीत. मोजायला यंत्र नको: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर मर्यादा ओलांडली असं समजायचं. लूमच्या शेडमध्ये ओरडण्यापेक्षा हातवाऱ्यांनीच बोलतात, तू पाहिलं असशील. वडील म्हणत असतील, "मला सवय झालीय, काही होत नाही." त्यांचं पहिलं वाक्य मानसशास्त्र म्हणून खरं आहे, दुसरं जीवशास्त्र म्हणून चूक. घरी टीव्हीचा आवाज वाढत चाललाय का, 'स', 'श', 'फ' असे बारीक आवाज त्यांना चुकतात का, बघ. पहिल्यांदा उंच पट्टीचं ऐकणं जातं. कानात कापूस कोंबून फारसा उपयोग नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात, दाबून बारीक करून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरायचे. नीट बसले तरच काम करतात. वडील घालणार नाहीत. तू सांगत राहा. नर्सचा अर्धा पगार सांगत राहण्याचाच असतो.

आईकडे बघ आता. शेजारणीशी गप्पा मारते, तुझ्या धाकट्याला ओरडते, एक डोळा मालिकेवर, आणि हात मात्र पान कापतात, तंबाखू भरतात, वळतात, दोरा बांधतात. हजारी पुरी होते. तिला विचार, बोटं नेमकी कशी फिरवतेस? सांगता येणार नाही. "असं गं, असं" म्हणून करून दाखवेल. स्मृती एकाच प्रकारची नसते याचा यापेक्षा चांगला पुरावा मला शोधूनही मिळाला नसता. पुस्तकात तो एका अमेरिकन रुग्णाच्या नावावर आहे. हेन्री मोलाइसन. फिट थांबाव्यात म्हणून १९५३मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना. काही वेळापूर्वी भेटलेला माणूस परत नवा. पण ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली, तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आणि दर दिवशी तो म्हणायचा, हे मी पहिल्यांदाच करतोय. हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं. तो २००८मध्ये वारला. तोवर साऱ्या जगाला तो फक्त 'एच. एम.' या आद्याक्षरांनी माहीत होता. रुग्णाची ओळख कशी राखावी, तेही यातून घे.

हे हातांचं शिक्षण तुलाही लागणार आहे. इंजेक्शन, सलाइन, बीपी, खाटेवरच्या माणसाला न दुखवता कुशीवर वळवणं, हे वाचून येत नाही. ते आईसारखंच, हजारीनं येतं.

राहिली आत्या.

"रक्तात शिक्षण नाही" हे तिचं म्हणणं एका अर्थी अगदी शास्त्रशुद्ध आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी पक्व झाल्या की त्यांत केंद्रकच राहत नाही, म्हणजे त्यांच्यात डीएनए नाही, म्हणजे आनुवंशिक काही लिहिलेलंच नाही. शिवाय त्या १२० दिवसांत मरतात आणि नव्या येतात. तेव्हा आत्याला म्हणावं, माझं दिवाळीतलं रक्त आता उरलेलं नाही, दुसरं कारण शोध. (हे तिच्या तोंडावर म्हणू नकोस. मी इथे म्हटलंय तेवढं पुरे.)

तिला म्हणायचंय आनुवंशिकतेबद्दल, आणि ती समजायला सोलापूरसारखं गाव नाही. चादरीच्या जॅकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, ती पाहिली असशील. भोक असेल तिथला ताण्याचा उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून आडवा बाणा जातो. मोर उमटायचा की फूल, ते पुठ्ठ्यांवर ठरतं. फ्रान्समध्ये १८०४च्या सुमाराची ही युक्ती. डीएनए ही अशीच माळ आहे: चार अक्षरं, तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, प्रत्येक शब्दाला एक अमिनो आम्ल, आणि ती ओवून प्रथिन तयार. माणसाच्या ४६ गुणसूत्रांवर अशी प्रथिनांची नक्षी सांगणारी सुमारे वीस हजार जनुकं आहेत. पण सूत कोणतं, रंग पक्का की कच्चा, माग नीट लावलाय का, वीज किती वेळ आहे, हे पुठ्ठा सांगत नाही. एकाच माळेवर विणलेल्या दोन चादरी सारख्या निघत नाहीत, हे वडिलांना विचार.

इथवर उपमा चालते, पुढे तुटते, आणि तुटते ते तुझ्या फायद्याचं आहे. विणलेली चादर पुठ्ठा बदलू शकत नाही. जिवंत पेशीत मात्र कोणतं जनुक कधी चालू आणि कधी बंद, हे अन्न, ताण, अनुभव यांनी ठरत असतं. मेंदूत तर तू काही शिकलीस की चेतापेशींमधले सांधे बळकट होतात, न वापरलेले दुबळे पडतात. हे पत्र वाचण्याआधीचा आणि नंतरचा तुझा मेंदू हुबेहूब तोच नाही. हुशारीत आनुवंशिकतेचा वाटा असतो, तो मी नाकारत नाही. पण आजोबा शाळेत गेले नाहीत याचं कारण जनुकात शोधायचं, की त्या काळी पोरांना मागावर बसवत होते त्यात?

"नर्सच व्हायचंय तर" यातला 'च' मला खटकला. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव सोलापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चीनमध्ये त्यांनी जिच्याशी संसार मांडला त्या गुओ चिंगलान नर्स होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे? असो. सायकॉलॉजी कशाला लागते, ते तुझी तोंडी परीक्षाच सांगते. त्या खोलीत तुझं जे झालं, ते वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाचं रोज होतं. पांढरा कोट समोर आला की त्याचं हृदय धावतं, तोंड सुकतं, सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. घरी नॉर्मल असलेलं बीपी दवाखान्यात चढतं. वैद्यकात त्याला व्हाइट कोट हायपरटेन्शन असं रीतसर नाव आहे. डिस्चार्जच्या वेळी "ही गोळी जेवणाआधी, ही जेवणानंतर" असं घाईत सांगितलं की तो मान हलवतो आणि फाटकाशी पोचेपर्यंत विसरतो. मग आपणच म्हणतो, अडाणी आहे, ऐकत नाही. तू असं म्हणणार नाहीस, कारण जिन्यात उभं राहणं तुला माहीत आहे. त्याला बसवशील, पाणी देशील, सावकाश सांगशील आणि मग विचारशील, "मामा, आता तुम्ही मला सांगा, कुठली गोळी कधी?" आठवून सांगितलेलं पक्कं राहतं, हे वर आलंच आहे.

एक सांगायचं राहिलं. भीती फक्त परीक्षेपुरती असेल तर वर सांगितलेलं पुरेल. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना, असं झालं तर कॉलेजच्या समुपदेशकांशी बोल, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर फोन कर, मराठीतही बोलतात.

या महिन्यात तुम्हाला बीपी घ्यायला शिकवतील. पहिलं गिऱ्हाईक म्हणून आत्याला बसव. मिश्री लावून किंवा चहा पिऊन आली असेल तर अर्धा तास थांब. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला आणि पाच मिनिटं बोलायचं नाही. हे शेवटचं तिला जमणार नाही, पण आग्रह धर. पहिला आकडा चढा येईल. तो तिला सांगू नकोस. दोन मिनिटांनी परत घे, बहुतेक थोडा उतरलेला असेल. मग तिनं विचारलं की "मघाशी जास्त कसं गं आलं?", तर तुझा तळहात तिच्यापुढे धर आणि तोंडीत राहून गेलेलं उत्तर पहिल्यापासून सांग. तेलुगूत.

तुझ्या,
बाई